तीनशे अंशांचं भांडण

कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा की पांढरा असं विचारतात आणि उत्तरावरून त्याची पारख करतात. लोखंड कापायचा गॅस घ्यायला शिवाजी उद्यमनगरात पाऊल टाकलंत, की तसाच प्रश्न समोर येतो: ॲसिटिलीन की एलपीजी? फरक एवढाच, की रश्शाच्या बाबतीत दोन्ही वाट्या वाढून घेता येतात.

माझी गरज साधी. निवृत्तीनंतर शेतावरच्या शेडमध्ये मी एक छोटं वर्कशॉप थाटलंय. उसाच्या ट्रॉलीची पिन गंजून अडकते, ती लाल केल्याशिवाय हलत नाही. कुळवाची पास वाकते. गेटची बिजागरी तुटते. दर वेळी त्यासाठी तालुक्याला जाऊन मिस्त्रींच्या दारात ताटकळत बसायचं, हे उभा जन्म पोरांना बाकावर उभं केलेल्या माणसाला शोभत नाही. शिवाय तो पाच नंबरच्या काचेचा काळा गॉगल मला फार दिवसांपासून घालायचा होता, पण हे कारण मी घरात सांगितलं नाही.

मिस्त्री ॲसिटिलीन पंथाचे. "सर, ॲसिटिलीनची ज्योत म्हंजे सुई हाय सुई. जिथं टेकवशीला तिथंच तापतंय. एलपीजीवर च्या करायचा." त्यांच्या वडिलांच्या काळी तर गॅस विकत आणायचीसुद्धा पद्धत नव्हती. पिंपात पाणी, त्यात कार्बाइडचे खडे, की झालाच गॅस तयार. सगळ्या गल्लीला लसणीसारखा वास. खाली जो चुन्याचा गाळ उरे, त्यात दिवाळीआधी भिंती रंगवून निघत. आता कार्बाइडचं नाव काढलं की लोकांना आंबे आठवतात, आणि कार्बाइडने आंबे पिकवायला तर बंदी आहे.

दुकानदार शेठ एलपीजी पंथाचे. "ॲसिटिलीन आता परवडतंय कुणाला, सर? मिस्त्रींना आपलं जुनं तेच सोनं."

मी मास्तर असल्यामुळे आधी पुस्तक उघडलं. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत साधारण 3100 अंश सेल्सियसपर्यंत जाते, एलपीजीची 2800 च्या आसपास. लोखंड बिचारं 1538 लाच पाणी होतं. म्हणजे हे सगळं भांडण वरच्या तीनशे अंशांचं. त्यातही गंमत अशी, की गॅस कटर लोखंड वितळवून कापतच नाही. ज्योतीने लोखंड नऊशेच्या आसपास लालभडक करायचं आणि मग कटरचा दांडा दाबून मधल्या भोकातून निव्वळ ऑक्सिजन सोडायचा. त्या झोतात लोखंड स्वतःच जळतं आणि त्याची राख ठिणग्या होऊन खाली पडते. कापतो तो ऑक्सिजन. गॅस नुसता चूल पेटवून देतो. 'विक्रांत'सारखं अख्खं विमानवाहू जहाज 2014 साली मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतलं, तेव्हा कामाला आले ते असलेच हातातले कटर. माझी ट्रॉलीची पिन त्यामानाने किरकोळ.

हे सगळं मी मेव्हण्याला समजावून सांगितलं. त्याला घरची जुनी स्टीलची पिंपं कापून काहीतरी करायचं होतं. मी म्हटलं, स्टेनलेस स्टीलवर ही मात्रा चालत नाही. त्यात क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा थर धरतो, तो स्टीलपेक्षाही उशिरा वितळतो आणि ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. मेव्हण्याने मान डोलवली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "बरं, मग ॲल्युमिनियम?" तेही नाही. बिडाचंही तेच. शेवटी त्याने असा काही चेहरा केला, की एवढ्या थोरल्या यंत्राला जर घरातलं काहीच कापता येत नसेल तर ते आणतोय कशाला.

मला खरं तर कापायचं कमी आणि तापवायचंच जास्त होतं, आणि माझं पारडं झुकलं ते तिथे. ॲसिटिलीन हा अतिशय नाजूक प्रकृतीचा गॅस. नळीत त्याला पंधरा पौंडांच्या वर दाब सोसत नाही. फार दाबलं तर तो आपोआप फुटतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भुसा-भुग्यासारखा माल ठासून भरतात, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवून ठेवतात. ॲसिटोन म्हणजे माझ्या सुनेच्या टेबलावर नखांचा रंग पुसायला असतं तेच. सिलिंडर कायम उभा ठेवायचा, आडवा करून वापरला की ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर. आणि घाईने गॅस ओढला तरी तेच. तासाला सिलिंडरच्या एक-सप्तमांशापेक्षा जास्त ओढू नये, असा जुना दंडक आहे. आता पिन तापवायला बसवायचं ते बऱ्याच भोकांचं हीटिंग नोझल भसाभसा पिणारं. छोट्या ॲसिटिलीन सिलिंडरला ते झेपत नाही. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग दोन बाटलं जोडा की."

एलपीजीला हे लाड लागत नाहीत. पण तिची खोड वेगळी: ऑक्सिजन. एक भाग ॲसिटिलीनला सिलिंडरमधला एक भाग आणि वर थोडा ऑक्सिजन पुरतो. एक भाग एलपीजीला चारच्या आसपास लागतो. स्वस्त गॅस आणून ऑक्सिजनवाल्याचं घर बांधून द्यायचं, असा तो हिशोब. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळली तर वर निघून जाणार नाही, जमिनीवर पसरून सखल जागा शोधणार. आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली शिरायला खणलेला खड्डा आहे. त्यामुळे सगळा संसार शेडच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी हलवावा लागला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, घरातलाच सिलिंडर लावा की, बाहेर कशाला पैसे घालवताय?" घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर असल्या कामाला वापरणं बेकायदा आहे, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, हे मी त्याला सांगणारच होतो. पण त्याआधी त्याची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि कायद्याची गरज पडली नाही.

शेवटी खरेदी. एलपीजीला नोझल वेगळं लागतं, आत खाचा पाडलेली पितळी कांडी असलेलं दोन तुकड्यांचं. दुकानात त्याला पीएनएम म्हणतात, ॲसिटिलीनच्याला एएनएम. मापं एक-बत्तिसांश, तीन-चौसष्टांश, एक-सोळांश इंच अशी. अपूर्णांक शिकवताना पोरं विचारायची, सर, याचा उपयोग काय? त्यांना आता बोलावून आणावंसं वाटलं. निळी नळी ऑक्सिजनची, तांबडी गॅसची. गॅसच्या नटाला उलटे आटे आणि कडेला खाच, म्हणजे अंधारात चाचपूनही चुकीची नळी चुकीच्या जागी बसत नाही. हे ज्याने ठरवलं, त्याला माझ्यासारख्या माणसांचा दांडगा अनुभव असणार.

फ्लॅशबॅक अरेस्टर मात्र मागितल्यावर शेठ चपापले. ज्योत उलटी फिरून नळीत शिरली तर तिला वाटेतच अडवणारी ही डबी. "सर, हे कोण लावतंय हो?" मी म्हटलं, मी लावतोय, आणि दोन्ही नळ्यांना लावतोय. टॉर्च घासाघीस करून घ्यावा, गॉगल उधार घ्यावा. या डबीला रोख पैसे मोजावेत, असं माझं ठाम मत आहे.

मिस्त्री जोडणी करायला आले ते रागातच, पण आले. रेग्युलेटरचा नट कडक फिरतोय म्हणताच त्यांचा हात सवयीने तेलाच्या डबीकडे गेला. ऑक्सिजनच्या जोडाला तेलाचा थेंबही चालत नाही, दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की पेट घेतो. हे मिस्त्रींनाही ठाऊक. डबी लगेच खाली ठेवली. पण मघाशी भजी खाल्लेले हात साबणाने धुवून या म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की गणितात नापास झालेला पोरगा परवडला.

पहिली पिन निघाली. दुसरीही. आणि 19 किलोचा सिलिंडर अजून निम्मासुद्धा झाला नसताना ऑक्सिजन संपला.

भरलेला सिलिंडर घेऊन एजन्सीचा पोरगा आला. शेडमध्ये शिरताच तो थबकला. "एलपीजी? सर, कुणी सांगितलं तुम्हाला हे? ॲसिटिलीन घ्यायची."

मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक-सप्तमांशापासून सुरुवात केली. ॲसिटोन झालं, हीटिंग नोझलची भोकं झाली, खड्डा झाला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग ह्यातलं रिकामं कुठलं न्यायचं?"