थोरल्या पातीचे नाना

फुटबॉलमधल्या परदेशी खेळाडूंवर आमच्या नानांचा भारी राग. देवासात क्रिकेटपुढे बाकी सगळे खेळ उपरे. तरी हा माणूस रात्री साडेबाराला मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून इंग्लंडच्या लीगची मॅच बघत बसतो, आणि गोल झाला की टाळी वाजवायच्या आधी विचारतो, "हा कुठला?" नॉर्वेचा, इजिप्तचा, ब्राझीलचा असं कळलं की शेवेचा बकाणा भरून म्हणतो, "ही लीग आहे की धर्मशाळा? कोणीही येऊन राहिलाय यार!"

नाना बँक नोट प्रेसमधून रिटायर झालेले. नोट खरी की खोटी हे बघण्यात हयात गेली, त्यामुळे माणसाकडेही ते उजेडात धरल्यासारखे बघतात. त्यांच्या मते जगाचा ऱ्हास १५ डिसेंबर १९९५ ला सुरू झाला. त्या दिवशी युरोपच्या न्यायालयानं बॉसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या बाजूनं निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबाला छदाम न देता दुसरीकडे जाऊ शकतो. आणि युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा खेळाडू तिथल्या क्लबांना परका राहिला नाही. त्याआधी युरोपच्या स्पर्धांमध्ये तीन परदेशी आणि फार तर दोन मुरलेले परदेशी, एवढीच सोय होती. "मग काय झालं?" नाना स्वतःच विचारतात आणि स्वतःच सांगतात. "आयाक्सनं १९९५ ला घरच्या पोरांवर युरोप जिंकला. दोन वर्षांत डाव्हिड्स गेला, क्लुइव्हर्ट गेला. दोघेही मिलानला, दोघेही फुकट! पोरं वाढवायची हॉलंडनं आणि पंगतीला बसायचं इटलीनं."

इथवर नानांचं बरोबर असतं. आपल्याकडच्या आयएसएल या फुटबॉल लीगबद्दल बोलतात तेही बरोबर असतं. क्लब पैसे मोजून गोल करणारा बाहेरून आणतात, आपला पोरगा कडेला पळत राहतो किंवा बाकावर बसतो, आणि मग भारताला छेत्रीनंतर कोण, म्हणून सगळे कपाळाला हात लावतात. पण बरोबर बोलून थांबणं नानांच्या कुंडलीत नाही.

"इटलीनं बघ," ते पुढे सरसावतात. "१९६६ ला उत्तर कोरियाकडून हरले, तडक दरवाजे बंद केले. १९८० पर्यंत नवा परदेशी घेतला नाही. १९८२ ला वर्ल्ड कप!"

मी म्हटलं, "नाना, पण इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९२ ला पहिल्या फेरीत ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेरचे जेमतेम तेराजण मैदानात उतरले होते. सगळी घरचीच पोरं. आणि १९९४ च्या वर्ल्ड कपला इंग्लंड पात्रच ठरलं नाही. पुढे लीग परदेश्यांनी भरली, तेव्हा २०१८ ला सेमीफायनल, मग दोनदा युरो स्पर्धेची फायनल."

"हरले ना दोन्ही फायनल?" नाना म्हणाले. "झालं तर मग."

नानांचं दैवत म्हणजे बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब. फक्त बास्क मुलखातले खेळाडू घ्यायचे, आणि तरी स्पेनच्या पहिल्या दर्जातून एकदाही खाली उतरायचं नाही, असा त्यांचा बाणा. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्यांनी स्पेनचा राजाचा चषक जिंकला, तेव्हा नानांनी गल्लीत जलेबी वाटली. त्या संघाचे मोठे आधार इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू. त्यांचे आईवडील घानाहून सहारा तुडवत आलेले. आणि थोरला इन्याकी तर वर्ल्ड कपला घानाकडूनच उतरला. हे सांगितल्यावर नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तिथं जन्मला, तिथं वाढला, तिथलंच पाणी प्यायला. आपलाच की!"

आपला कोण, हे ठरवायला नानांइतकी मोकळी जागा कोणाकडे नाही. होळकरांच्या संघानं चारदा रणजी जिंकली, ती "आमची टीम". त्यातले सी. के. नायडू नागपूरचे, सरवटे सागरचे. १९४५ च्या फायनलला मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढणारा डेनिस कॉम्प्टन तर लढाईच्या नोकरीत महूला आलेला साक्षात इंग्रज! "महाराजांनी बोलावलं म्हणजे ते आपलेच," नाना म्हणतात. "आणि नायडू इंदूरला आले म्हणून तर मुश्ताक अली घडला. बाहेरचा असा पाहिजे, घरच्याला शिकवणारा." गायक कुमार गंधर्वही बेळगावकडचे, १९४८ ला हवा मानवेल म्हणून देवासात आले आणि माळव्याची लोकगीतं माळव्यालाच नव्यानं ऐकवली. त्यांना बाहेरचे म्हणायची तर नानांसमोर कोणाची छाती नाही. नानांचे स्वतःचे पूर्वज देवासच्या पवार राजांच्या घोड्यांमागून देशावरून आले, पण तो विषय निघाला की नानांना चहा आठवतो.

परका मात्र नानांना घरापासून हाकेवर सापडतो. देवासात एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांची दोन घराणी, दोन दरबार. संस्थानं १९४८ ला विलीन झाली. नाना झाले नाहीत. त्यांचं घर थोरल्या पातीतलं. धाकट्या पातीतल्या माणसाची ओळख करून देताना ते अजून म्हणतात, "चांगला आहे, पण तिकडचा आहे."

गेल्या पावसाळ्यात मोहल्ल्यांची फुटबॉल स्पर्धा झाली. नियम नानांनीच लिहिला होता: खेळाडू आपापल्या मोहल्ल्यातलाच हवा. फायनलच्या सकाळी नानांच्या संघात महूचा एक दणकट पोरगा पायमोजे चढवताना दिसला. पंचांनी आधार कार्ड मागितलं. पत्ता महूचा. नानांनी चष्मा पुसला.

"यूएफाचा नियम वाचलाय का तुम्ही? पंधरा ते एकवीस या वयात तीन वर्षं क्लबात काढली की खेळाडू घरचा. मग पासपोर्ट कुठलाही असो. फाब्रेगास स्पेनचा, पण आर्सेनलमध्ये वाढला म्हणून इंग्लंडच्या हिशेबात घरचा. या पोरानं तीन उन्हाळे इथं मावशीकडे काढलेत. विचारा त्याला!"

"दोन," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"तिसरा चालू आहे," नाना म्हणाले.

"नाना, पावसाळा चालू आहे," पंच म्हणाले, पण शिट्टी वाजवली. पोरानं दोन गोल केले. धाकट्या पातीकडच्या संघानंही दोन फेडले, दोन्ही धारहून आणलेल्या एका मुलानं. नाना मैदानाच्या कडेला ओरडत होते, "परदेशी! परदेशी आणलाय! बंद करा मॅच!"

"नाना, धारसुद्धा पवारांचंच संस्थान," मी म्हटलं. "तुमच्याच भाऊबंदांचं गाव. तो परका कसा? आणि महूचा आपला कसा?"

नानांनी माझ्याकडे दयेनं बघितलं.

"तू पुस्तकं फार वाचून राहिला," ते म्हणाले. "कोण कुठला ते मागाहून ठरतं. आधी गोल कोणाच्या जाळ्यात गेला ते बघायचं असतं."