मॅनेजिंग मेंबर

बापूंच्या कंपनीच्या नावात सह्याद्री आहे, ग्लोबल आहे आणि सोल्यूशन्सही आहे. कंपनीत बापू आहेत आणि वहिनी आहेत. बापू मॅनेजिंग मेंबर, वहिनी नुसत्या मेंबर. घरात ही व्यवस्था नेमकी उलटी आहे, पण ती कुठे नोंदवलेली नाही.

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, असे बापू बरेच सापडतात. दिवसा कुठल्याशा विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात आपली एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, जिच्या मालकांना मेंबर म्हणतात. बापूंनी ती एका कंत्राटी कामापुरती काढली होती. कंत्राट संपलं, कंपनी राहिली. तेव्हापासून तिला वर्षाकाठी एकच काम उरलंय : आपण अजून आहोत, असं राज्याला कळवणं. याला ॲन्युअल रिपोर्ट म्हणतात.

न्यू जर्सीत कंपनी ज्या महिन्यात जन्मली, त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत हा रिपोर्ट भरावा लागतो. फी 75 डॉलर. बापूंची कंपनी ऑगस्टातली, म्हणजे मुदत 31 ऑगस्ट. पण 31 तारखेपर्यंत थांबतील ते बापू कसले! ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडतात. मुलांना वायफाय वापरायची बंदी होते. कंपनीचा दहा आकडी नंबर ते डोळे मिटून सांगतात. मुलाचा मोबाइल नंबर सांगताना मात्र त्यांना फोन चाचपावा लागतो.

"पत्ता बदलला?" बापू मोठ्याने वाचतात आणि स्वतःच उत्तर देतात, "नाही." "रजिस्टर्ड एजंट कोण?" इथे छाती किंचित फुगते. सरकारी कागद कंपनीच्या वतीने स्वीकारायला राज्यात कुणीतरी लागतं, त्याचा पत्ता खराखुरा लागतो, टपालपेटीचा नंबर चालत नाही. "मीच." मग मेंबरांची नावं. वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावून त्या मेंबर आहेत ना याची खातरजमा केली जाते. "आहे," असं त्या हातातला झारा खाली न ठेवता सांगतात. कार्डाने पैसे भरले की झालं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम, बापूंना सकाळ पुरते. मिळालेल्या पावतीच्या दोन प्रती छापल्या जातात, एक फाइलला आणि एक भिंतीवर, मागच्या वर्षीची काढून.

एकदा हा सोहळा चालू असताना बापूंचे वडील पुण्याहून आलेले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी चष्म्यावरून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी देतो तो हयातीचा दाखला. फरक एवढाच, की आम्हाला दाखला दिल्यावर पैसे मिळतात." बापू त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत.

न्यू जर्सीच्या या कंपनीआधी बापूंची एक कंपनी डेलावेअरची होती. मराठी मंडळाच्या सहलीत कुणीतरी सांगितलं की शहाणा माणूस कंपनी डेलावेअरलाच काढतो. डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही म्हणून बापू तिथून टीव्ही आणतच असत, आता कंपनीही आणली. पुढे कळलं की धंदा न्यू जर्सीत करायचा तर न्यू जर्सीतही नोंदणी लागते, रिपोर्टही लागतो, आणि डेलावेअरचे दर 1 जूनला 300 डॉलर वेगळे. शिवाय तिथे बापूंचं घर नाही, म्हणून एजंटही पगारी. एजंटाचा पत्ता विल्मिंग्टनचा. त्याच गावात ऑरेंज स्ट्रीटवर एक बसकी इमारत आहे, तिच्या एका पत्त्यावर लाखो कंपन्या नांदतात. आपल्याकडच्या चाळीतसुद्धा एवढी बिऱ्हाडं नसत.

पण बापूंनी डेलावेअर सोडलं ते पैशांमुळे नव्हे. ते सोडलं अपमानामुळे. डेलावेअर एलएलसीकडून रिपोर्ट मागतच नाही. "तीनशे डॉलर घेतात," बापू अजून सांगतात, "आणि साधं विचारत नाहीत, कसे आहात म्हणून." भरायला उशीर झाला की मात्र आठवण ठेवून 200 डॉलर दंड लावतात, वर महिना दीड टक्का व्याज.

माणसाचं मोल बापू आता त्याच्या राज्याच्या फीवरून करतात. बॉस्टनचा मावसभाऊ एलएलसीच्या रिपोर्टचे 500 डॉलर मोजतो, त्याच्याशी ते अदबीने बोलतात. कॅलिफोर्नियाच्या मित्राची कंपनी रुपयाभर कमवो न कमवो, 800 डॉलर कर ठरलेला. त्याला बापू लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसवतील. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मेव्हण्याची फी 138 डॉलर 75 सेंट. हे 75 सेंट कशाचे, यावर बापूंची स्वतंत्र मतं आहेत आणि ती थोडक्यात मांडता येत नाहीत.

या मेव्हण्यावरून एकदा फार झालं. फ्लोरिडात सगळ्या एलएलसींना एकच मुदत : 1 मे. त्या दिवशी मेव्हणा तिथल्या मंडळात महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात पोवाडा म्हणत होता. रात्री दमून झोपला, सकाळी उठला तोवर 400 डॉलर लेट फी लागलेली होती. फ्लोरिडात ही फी माफ होईल या आशेवर राहू नये. बापूंनी फोनवर त्याचं सांत्वन केलं, "हुतात्म्यांनी एकशे सहा प्राण दिले, तू चारशे डॉलर दिलेस." नंतर त्यांना स्वतःलाच हे जरा जास्त वाटलं, पण मागे घेतलं नाही.

सगळ्यात मोठा धक्का दिला पेनसिल्व्हेनियाने. तिथे वर्षानुवर्षं दहा वर्षांतून एकदा रिपोर्टची पद्धत होती. बापू त्या लोकांना आळशी समजत. 2025 पासून तिथेही वार्षिक रिपोर्ट आला, एलएलसीला मुदत 30 सप्टेंबर. बापूंनी आनंदाने फिलाडेल्फियाच्या मित्राला फोन लावला आणि फी विचारली. सात डॉलर. "सात?" बापूंनी पुन्हा विचारलं. सात डॉलरमध्ये एडिसनच्या ओक ट्री रोडवर धड मिसळसुद्धा येत नाही. असल्या रिपोर्टला कंपनीने काय मान द्यायचा!

बापूंच्या ज्ञानाचा लोकांना उपयोग होतो, हे मान्य केलं पाहिजे. एलएलसी असली की टपालाने गरुडाच्या चित्राची, जाड अक्षरांतली पाकिटं येतात : रिपोर्टची मुदत संपत आली, ताबडतोब अमुक इतके डॉलर पाठवा. ती सरकारची नसतात. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. खऱ्या फीच्या दुपटीतिपटीने पैसे घेऊन कुणीतरी तुमचा दहा मिनिटांचा फॉर्म भरणार, आणि काही जण तोही भरत नाहीत. बापू ही पाकिटं घेऊन गणपतीत मंडपाच्या दाराशी उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला भिंगातून ती ओळ वाचायला लावतात. आरती चुकते, पण बरीच मंडळी फसायची वाचली आहेत.

2024च्या हिवाळ्यात तर त्यांचं सोनं झालं. कंपनीचा खरा मालक कोण हे केंद्र सरकारला कळवायचा नवा कायदा आला होता. त्यावर एक न्यायालय म्हणे भरा, दुसरं म्हणे थांबा, पुन्हा भरा, पुन्हा थांबा. नाताळच्या सुट्टीत बापूंनी अर्ध्या मंडळाचे अर्ज भरून दिले. मार्चमध्ये सरकारने देशातल्या कंपन्यांना त्यातून मोकळं केलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बापू म्हणाले, "घेतले असते अर्ज, तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

परवा वहिनींनी कंपनी बंद करण्याचा विषय काढला. बापूंनी शांतपणे सांगितलं की बंद करायचाही अर्ज असतो आणि त्यालाही फी असते. शिवाय दोन वर्षं लागोपाठ रिपोर्ट भरला नाही, तर राज्य नोंदणी रद्द करतं, म्हणजे नुसतं दुर्लक्ष करून सुटका नाही, लाज तेवढी जाते.

"लाज राहू दे," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, कंपनीने कमावलं किती, ते सांगा."

बापूंनी भिंतीवरच्या पावतीकडे बोट केलं.

"ते रिपोर्टात विचारत नाहीत."