सही राहून गेलेल्या सरकारास

परमआदरणीय भारत सरकार यांसी,

सा. न. वि. वि.

हे पत्र कुठल्या एका पक्षाला नाही. १९७९ पासून दिल्लीत आलेल्या प्रत्येक सरकारला आहे. या एका बाबतीत आपणा सर्वांचे इतके एकमत राहिले, त्याबद्दल आधी अभिनंदन स्वीकारावे.

१० एप्रिल १९७९ रोजी आपण नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलात. उपकार झाले. त्याच्या जोडीला १९६६ पासून एक ऐच्छिक प्रोटोकॉलही आहे. देशातले सगळे मार्ग संपले की सामान्य माणसाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे थेट तक्रार करता येते, ती त्याच्या आधारे. त्यावर आपण सही केलेली नाही. नेपाळने तो १९९१ सालीच स्वीकारला. आपण थोरले, आपल्याला कसली घाई!

महिलांच्या कराराचेही तेच. करार १९९३ मध्ये मान्य केलात, तक्रारीची सोय तेवढी अजून स्वीकारलेली नाहीत. बांगलादेशाने ती २००० साली स्वीकारली. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केलीत, पण मंजुरी अजून दिलेली नाही.

आणि भीती तरी कशाची? मानवी हक्क समितीत अठरा तज्ज्ञ. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. निर्णय बजावायला त्यांच्याकडे साधा शिपाईसुद्धा नाही. कॅनडात सँड्रा लव्हलेस या मूळनिवासी बाईने बाहेरच्या माणसाशी लग्न केले आणि कायद्याने तिचा मूळनिवासी दर्जा काढून घेतला. पुरुषांचा जात नसे. तिने १९७७ मध्ये तक्रार पाठवली, १९८१ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिले, १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. कॅनडाचे काही बुडाले नाही.

आपण म्हणाल, घरचा मानवी हक्क आयोग दिलाय ना! आभारी आहोत. त्याच्या कायद्याचे कलम ३६ सांगते, घटनेला वर्ष उलटले की चौकशी नाही. कोठडीत मुलगा गेलेल्या बाईच्या पिशवीत शवविच्छेदनाच्या अहवालाची झेरॉक्स असते, अर्जांच्या पोचपावत्या असतात, घामाने अक्षरे पुसट झालेल्या. तिचे वर्ष त्या पावत्या गोळा करण्यातच जाते. तक्रार सैन्यदलाविरुद्ध असेल, तर कलम १९ प्रमाणे आयोगाने केंद्राकडून अहवाल मागवायचा. म्हणजे खुलासा आपलाच.

तेव्हा हात जोडून विनंती, सही करा. करायची नसेल, तर का नाही ते त्या बाईला लेखी कळवा, तिला वाचता येईल अशा भाषेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नागरिक