कांजीराव वाचताहेत

पुण्यात जपानी शिकणारा माणूस शोधावा लागत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आसपास संध्याकाळी चहाला उभं राहिलं, की शेजारी कुणीतरी कुणालातरी क्रियापदांची रूपं म्हणून दाखवत असतं. यातली बहुतेक मंडळी निरुपद्रवी. जेएलपीटी नावाच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात; तळाला एन-५, शिखरावर एन-१. मधली एखादी पायरी गाठायची, कंपनीकडून भत्ता पदरात पाडायचा, टोकियोच्या साहेबाशी बोलताना फोनलाच वाकून नमस्कार करायचा आणि उरलेलं आयुष्य मराठीत सुखानं काढायचं, एवढाच त्यांचा संकल्प.

पण एन-३ पास झाल्यावर काहींच्या डोक्यात येतं, की आता आपण जपानी कादंबरी वाचावी. मूळ जपानीतून. कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं; त्या दिवसापासून त्या गृहस्थाचे कांजीराव होतात.

कांजीराव मेट्रोत सहज ओळखू येतात. वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या डब्यात सगळ्यांच्या हातात मोबाइल, यांच्या हातात बुंको, म्हणजे तळव्यात मावेल एवढं जपानी पुस्तक. पान उजवीकडून उघडतं, ओळी वरून खाली येतात. शेजारचे आजोबा हळूच विचारतात, "पुस्तक उलटं धरलंत का हो?" कांजीराव गरवारे कॉलेजपासून याच प्रश्नाची वाट पाहत असतात. मग सिव्हिल कोर्ट येईपर्यंत आजोबांना जपानी छपाईचं शास्त्र ऐकावं लागतं. जपानात दुकानदार पुस्तकाला कागदी वेष्टण घालून देतो, म्हणजे आपण काय वाचतोय ते गाडीतल्या चार लोकांना कळत नाही. कांजीरावांनी ते वेष्टण घरी आल्या आल्या काढून टाकलेलं असतं. चार लोकांना कळलं नाही, तर वाचायचं कशाला?

वाचन मात्र घरी चालतं, कारण त्याला लागणारं सामान मेट्रोत मावत नाही. डावीकडे कॅसिओचा इलेक्ट्रॉनिक कोश, जपानहून आलेल्या एका सहकाऱ्याच्या बॅगेतून आणवलेला. उजवीकडे मोबाइल. समोर वही, शिसपेन्सिल, खोडरबर आणि टेबललॅम्प. या सगळ्याच्या मधोमध, उरलेल्या जागेत, कादंबरी.

कांजीराव परीक्षेत तयार झालेले. परीक्षेच्या दोक्काईत, म्हणजे वाचनाच्या भागात, उतारा येतो, पण परीक्षक दयाळू असतात. अवघड शब्दाला आकडा घालून खाली टीप देतात. कादंबरीकाराला कांजीरावांची अशी काही काळजी नसते. बुंकोच्या एका पानावर साधारण सहाशे-साडेसहाशे अक्षरं, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, आणि वर्तमानपत्रापासून शाळेपर्यंत नित्याच्या म्हणून सरकारनं ठरवून दिलेल्या कांजींची संख्या २१३६. कांजीरावांच्या ओळखीच्या त्यातल्या साडेसहाशे. तेव्हा पहिला प्रश्न शब्दाचा अर्थ काय हा नसतो. शब्द सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, हा असतो. ते अंदाजानं एक तुकडा तोडून कोशात घालतात. कोश म्हणतो, असा शब्द नाही. मग एक अक्षर पुढं सरकून तोडतात. आता शब्द सापडतो, पण अर्थ निघतो 'मूत्रपिंड', आणि नायक तर रस्त्यानं चाललेला असतो.

उच्चार येत नसेल तर मोबाइलवर बोटानं कांजी काढायची. कांजीरावांचा रेघांचा क्रम घरगुती असल्यामुळे मोबाइल त्यांच्यापुढे भलतंच काही मांडतो. जुनी पद्धत याहून शिस्तीची होती: अक्षराचा मूळ घटक ओळखा, रेघा मोजा, कांजीकोशात उच्चार काढा, तो घेऊन शब्दकोशाकडे जा. त्या कोशाचा क्रम अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क-स-त-न-ह-म असा चालतो. तो संस्कृत वर्णमालेवरून, बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तिकडे गेला. हे कळल्यापासून कोश उघडताना कांजीरावांच्या चेहऱ्यावर मूळ मालकाचा भाव असतो. शब्द सापडत नाही ती गोष्ट वेगळी.

त्यातच कुणीतरी त्यांना सांगितलं, की खरा वाचक जपानी-जपानी कोश वापरतो. झालं. एका शब्दाच्या अर्थात दोन नवे शब्द, त्या दोघांच्या अर्थात पाच. तासाभरानं सातव्या शब्दाच्या अर्थात पहिला शब्द भेटतो, तेव्हा कांजीरावांना कोण आनंद होतो! आता त्यांना 'कोजिएन' हवा आहे. १९५५ साली पहिल्यांदा निघालेला आणि २०१८च्या सातव्या आवृत्तीत अडीच लाख नोंदींवर पोचलेला हा ग्रंथराज घरी आणला, तर ठेवायचा कुठे, एवढाच प्रश्न वहिनींनी विचारला होता. तो अनुत्तरित आहे.

सध्या त्यांनी हाती घेतलेली कादंबरी म्हणजे केइगो हिगाशिनो यांची 'योगिशा एक्स नो केन्शिन'. २००५ साली पुस्तकरूपानं आली, नाओकी पुरस्कार मिळाला, आणि हिच्यावरूनच सुजॉय घोष यांनी 'जाने जान' हा हिंदी सिनेमा केला. गणिताचा शिक्षक इशिगामी सकाळी घरून निघतो, सुमिदा नदीच्या काठानं चालत डबे विकणाऱ्या दुकानात जातो, अशी सुरुवात आहे. 'इशि' म्हणजे दगड, 'गामी' म्हणजे देव. कांजीरावांनी दोन्ही अक्षरं वेगवेगळी पाहिली आणि शेंदूर फासलेला एक देव शाळेत शिकवायला निघालाय, अशा समजुतीत एक अख्खं पान वाचलं. वास्तविक नावावर पहिल्यांदा बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार, छापलेला असतो. पण तो एकदाच. तिसऱ्या पानावर उच्चार विसरला, की पुन्हा मागं जाणं आलं. जपानी नावाचा उच्चार जपानी माणसालाही विचारून घ्यावा लागतो. म्हणूनच तिथल्या प्रत्येक फॉर्मवर नावाच्या डोक्यावर उच्चार लिहायला वेगळी जागा असते. या त्रासाला कंटाळून कांजीरावांनी मध्यंतरी नात्सुमे सोसेकींची मांजराची कादंबरी आणली होती. १९०५-०६ सालची. तिच्यातल्या मांजराला शेवटपर्यंत नावच मिळत नाही, ही त्यांना मोठी सोय वाटली. नंतर कळलं, की मांजराला नाव नसलं तरी भाषा आहे, आणि ती शंभरावर वर्षांपूर्वीच्या पंडिताची आहे.

तर हिगाशिनो. वहिनींनी 'जाने जान' एका रात्रीत पाहून टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू केली.

"अहो, झाला का खून?"

"इतक्यात कसा होईल? अजून तो पुलावर आहे."

हा पूल म्हणजे शिन-ओहाशी. 'नवा मोठा पूल' असा अर्थ लावून कांजीराव त्याचं उद्‌घाटन कधी होतं याची वाट पाहत होते. ते पुलाचं नाव आहे, हे त्यांना नकाशा उघडल्यावर कळलं. मग नकाशा उघडलाच आहे तर म्हणून सुमिदा नदीवरचे सगळे पूल पाहून झाले.

"अहो, झाला का खून?" दर रविवारी पोह्यांबरोबर हा प्रश्न येत असे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा तो अर्धवट ऐकला आणि त्या दोन दिवस जिन्यात भेटेनात.

शेवटी खुनाचं पान आलं. हा खून पहिल्याच प्रकरणात होतो आणि तो कोणी केला हेही लेखक तिथल्या तिथं सांगून टाकतो. कादंबरीचं कोडं पुढचं आहे. कोतात्सु म्हणजे खाली शेगडी बसवलेलं, वर गोधडी पांघरलेलं बुटकं मेज. त्याच्या विजेच्या वायरीनं गळा आवळला जातो. या वायरीला जपानीत इंग्रजीवरून घेतलेला 'कोओदो' हा शब्द आहे, आणि गुप्त संकेताच्या 'कोड'लाही तोच. कांजीरावांनी कोशातला पहिला सोयीचा अर्थ उचलला.

"झाला का?"

"होतोय. पण मेजाचा काहीतरी कोड आहे. तो उलगडल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

दोघींनी एका माणसाला धरून ठेवलंय, तो श्वास घ्यायला धडपडतोय, आणि कांजीराव त्या तिघांना तसंच ठेवून वहीत संकेताची अक्षरं जुळवताहेत! इतका लांबलेला खून गुन्हेगारी वाङ्मयात दुसरा झाला नसेल.

कांजीरावांच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, मराठीच आहेत. त्यांनी त्यांना तादोकु सुचवून पाहिलं. तादोकु म्हणजे भरपूर वाचन, आणि त्याचे नियम चारच: सोप्यापासून सुरुवात करा, कोश उघडू नका, अडलं ते सोडून पुढं जा, कंटाळा आला की पुस्तक बदला. कांजीरावांनी घरी येऊन आधी 'तादोकु' कोशात पाहिलं. मग पुढच्या तासाला शंका काढली.

"सोडून द्यायचं म्हणजे नक्की कोणते शब्द?"

"जे येत नाहीत ते."

"मग वाचायला उरणार काय?"

शंका अगदीच खुळी नाही. पॉल नेशन नावाचे भाषाशिक्षणातले मोठे अभ्यासक आहेत. कोणाच्याही मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला तिच्यातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा इंग्रजीच्या अभ्यासातून त्यांनी हिशेब मांडला आहे. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. कांजीरावांना पाचात एक. सेन्सेईंनी त्यावरही उपाय सांगितला: लहान मुलांसाठी निघणाऱ्या पुस्तकमाला घ्या, त्यांत कांजीवर फुरिगाना असतो, 'तोत्तोचान' घ्या. कांजीरावांनी नाक मुरडलं. बेचाळिसाव्या वर्षी मेट्रोत मुलांचं पुस्तक धरायचं? आजोबा काय म्हणतील?

मध्यंतरी ते कार्डांच्या नादी लागले होते. 'आन्की' नावाचं ॲप आहे. अडलेला शब्द त्यात घातला, की विसरायच्या बेताला येतो तेव्हा ते तो पुन्हा विचारतं. औषध उत्तम, मात्रेत घेतलं तर. कांजीरावांनी पानातले सगळेच शब्द घातले. आता ॲप रोज सकाळी तीन-चारशे कार्डं पुढं करतं, आणि ती संपेपर्यंत ऑफिसची वेळ होते. कादंबरी हातात धरायचीही गरज उरली नाही. 'तबेला', 'शवविच्छेदन' आणि 'कुरकुरीत' हे शब्द मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी येतात.

त्यांची भाची याच्या बरोबर उलट पंथातली. ती ॲनिमे पाहून जपानी शिकली आणि न येणाऱ्या शब्दावरून मांजरीसारखी उडी मारते. एकदा मामांनी तिची परीक्षा घेतली.

"या शब्दाचा अर्थ काय?"

"काय माहीत, मामा. पण तो फुगून बसलाय एवढं नक्की."

मामांनी कोश पाहिला. 'रुसणे'. ती बरोबर निघाल्याचं त्यांना जे दुःख झालं, ते ती चुकली असती तर झालं नसतं. भाचीही चुकते, नाही असं नाही. एका कादंबरीतली आई वारली, असं ती अर्धं पुस्तक धरून चालली होती. बाई ओसाकाला बदली होऊन गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा भाचीनं ती भुताची गोष्ट समजून वाचली आणि म्हणे जास्तच रंगली. पण पुस्तक तिनं संपवलं. शेल्फात तिची वाचून झालेली पुस्तकं वाढत जातात, मामांच्या वह्या वाढत जातात.

गंमत अशी, की हेच कांजीराव शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत 'मृत्युंजय'चा चार दिवसांत फडशा पाडून बसले होते. त्यातले निम्मे संस्कृत शब्द त्यांना आजही येत नसतील. तेव्हा त्यांनी कोश उघडला नव्हता, वही केली नव्हती. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं तेव्हा रडले होते, एवढंच. पुढं काय होणार याची घाई असली, की माणूस शब्दांशी असा हिशेबानं वागत नाही. कांजीरावांना घाई नाही. ते टीसीसारखे दारात उभे राहून प्रत्येक शब्दाचं तिकीट तपासतात, आणि गाडी निघून जाते.

माझं मत विचाराल तर सगळेच शब्द सोडायचे नसतात. जपानी वाक्यातला नकार मराठीसारखाच शेवटी येतो. तेव्हा वाक्याचं शेपूट सोडून उडी मारली, तर नायकानं लग्न केलं की मोडलं हे कळायचं नाही. क्रियापद अडलं तर पाहावं. एकच शब्द दोन पानांत तीनदा भेटला तर पाहावा. त्याला काहीतरी सांगायचं असतं. बाकी झाडांची नावं, कापडाचे प्रकार, पाऊस कसकसा पडतो त्याचे आवाज, हे खुशाल जाऊ द्यावं. गरज पडली तर ते आपल्या पायांनी परत येतात. हे मी कांजीरावांना सांगितलं. त्यांनी वहीत उतरून घेतलं, तारीख घालून.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जपानी शिकत असेल आणि स्वस्तात कादंबऱ्या हव्या असतील, तर कांजीरावांना गाठा. ते त्या निम्म्या किमतीत काढताहेत. हिगाशिनो जरूर घ्या: खुनापर्यंतच्या प्रत्येक कांजीशेजारी पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेला आहे, आणि त्यापुढचं पुस्तक कोरं करकरीत आहे.