वेलांटीचा पारखी

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या कासूच्या परिसरात, आणि खरे पाहता महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात, निवृत्त मराठी शिक्षकांचा एक उपवर्ग आढळतो, ज्याने नोकरीची सगळी वर्षे मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाई ओतलेली असते आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम त्याच चुका विकत घेण्यात घातलेली असते. लोक या वर्गाला नाणेसंग्राहक म्हणतात. परंतु त्याचा जीव नाण्यापेक्षा नाण्यावरील अक्षरांत, आणि अक्षरांतही बिघडलेल्या अक्षरांत अडकलेला असल्याने त्याला वेलांटीचा पारखी म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. गावात त्याला सर्वजण गुरुजी म्हणतात आणि त्याच्या हातात भिंग दिसले की रस्ता बदलतात.

गुरुजींचा प्रमुख विषय शिवराई हा आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी पाडलेल्या तांब्याच्या पैशाला शिवराई म्हणतात. तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असून भोवती टिंबांची किनार असते. हा मजकूर इतका थोडा आहे की त्यात चूक व्हायला जागा नसावी. प्रत्यक्षात मात्र ‘शिव’ हा शब्द ‘शीव’, ‘सिव’ आणि ‘सीव’ अशा रूपांतही सापडतो आणि ‘पति’ची वेलांटी सोयीप्रमाणे पहिली किंवा दुसरी होते. हजारो शिवराया तपासून त्यांचे प्रकार लावण्याचा पहिला मोठा खटाटोप जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांनी केला. मराठी संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ते पुढे ख्यातनाम झाले, परंतु गुरुजींच्या मते ही त्यांची दुय्यम कामगिरी होय.

या विविधतेचे कारण टाकसाळींच्या व्यवस्थेत दडलेले आहे, आणि येथे कासूच्या पारख्याचा आवाज आपोआप चढतो, कारण पुरावा पुढच्याच स्थानकावरचा आहे. शिवराई केवळ महाराजांच्या काळातच पाडली गेली असे नसून पेशवाईतही त्याच नावाने पाडली जात राहिली, आणि हे काम पुष्कळदा सरकारी कारखान्यात न होता परवाना घेतलेल्या खासगी व्यक्तींकडे असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठी राज्यातील चलन आणि टाकसाळी यांवर वाचलेल्या निबंधात अशा दोन परवान्यांचा उल्लेख आहे: १७४४ साली एक रेवदंड्यास आणि दुसरा नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांस तीन वर्षांसाठी देण्यात आला. रेवदंड्याचे नाणे दहा माशांचे, तर नागोठण्याचे साडेनऊ माशांचे, म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास असावे, असे ठरले होते. नागोठण्याच्या परवान्यासाठी पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी १०० रुपये भरायचे होते. दरवर्षी वाढणारी ही पट्टी भरून वर नफा काढायचा असेल, तर मालकाचे लक्ष वेलांटीपेक्षा तांब्यावर राहणार हे उघड आहे. तथापि बहुतेक शिवरायांवर टाकसाळीचे नाव नसते, त्यामुळे कोणते नाणे नागोठण्याचे हे सिद्ध करता येत नाही. गुरुजी मात्र प्रत्येक ‘सीव’ नागोठण्याच्या खात्यावर जमा करतात आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यास रेवदंड्याचा समजतात.

नाण्यावरील बिघाड दोन जातींचा असतो आणि किंमत त्या भेदावर ठरते. नाणे ज्या दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकीत, त्या ठशांवर अक्षरे उलटी कोरावी लागत. कोरणाऱ्याने मात्रा चुकवली किंवा एखादे अक्षर उलटे करण्यास तो विसरला, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती चूक उतरते आणि तो स्वतंत्र प्रकार मानला जातो. ठोकताना चकती सरकली, ठोका दोनदा बसला किंवा अक्षर अर्धेच उठले, तर तो केवळ त्या एका नाण्याचा अपघात असतो. पहिल्या जातीच्या बिघाडाला नेहमीच अधिक पैसे पडतात असे नाही, कारण चुकीच्या ठशाने हजारो नाणी पाडली असतील तर ती चूक बाजारात पैशाला पासरी मिळते. उलट, ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्याने पुष्कळ शिवरायांवर अक्षरांचे काठ कापले गेले आहेत, म्हणून सगळी अक्षरे आणि किनारीची टिंबे पूर्ण उमटलेले नाणेच संग्राहक चढ्या भावाने घेतात. शुद्ध आणि संपूर्ण लेखन अशुद्धापेक्षा महाग असावे, ही वार्ता गुरुजींना आयुष्यभर ऐकायची होती. ती आली तेव्हा त्यांच्या कपाटात चारी बाजूंनी कापलेले ‘सीव’च भरलेले होते.

या वर्गाची शोकांतिका बहुधा घरातच घडते. जुन्या तांब्यावर काळाने चढलेली गडद झिलई हा अस्सलपणाचा एक आधार असतो, आणि ती खरवडली की नाण्याचा भाव उतरतो. गुरुजींच्या पत्नीला मात्र तांबे म्हणजे देव्हाऱ्यातील भांडे वाटते, आणि दिवाळीपूर्वी चिंच लावून लख्ख केलेली एक शिवराई तिने त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा गुरुजींनी तीन दिवस मौन पाळले. घराबाहेरचा ताप वेगळाच: पंचक्रोशीतून माणसे मारुती कोरलेले आणि १८१८ साल घातलेले ईस्ट इंडिया कंपनीचे तथाकथित ‘एक आणा’ नाणे घेऊन येतात, ते तांदळाचे दाणे चमत्काराने स्वतःकडे ओढते असे सांगतात आणि लाखो रुपयांची अपेक्षा करतात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नव्हते. ते अलीकडचे शोभेचे टोकन होय. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते, हेही गुरुजी सांगतात, परंतु आलेला माणूस ‘गुरुजींना स्वस्तात लाटायचे आहे’ एवढाच अर्थ काढून जातो. बनावट शिवराई करणारेही आता हुशार झाले असून मागणी ओळखून ते मुद्दाम अशुद्ध अक्षरे घालतात. साच्यात ओतलेल्या अशा नाण्यावर बारीक हवेची छिद्रे आणि बोथट कडा दिसतात, आणि हे पाहण्यासाठीच ते प्रसिद्ध भिंग असते.

गुरुजींच्या शास्त्रातील एक अडचण मात्र भिंगालाही दिसत नाही. ज्या मोडी लिपीत त्या काळचा कारभार चाले, तिच्यात सामान्यतः इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद करीत नसत, आणि आज शाळेत शिकविले जाणारे मराठी शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्यामुळे कोरणाऱ्याचा ‘सीव’ त्याच्या दृष्टीने चूक नव्हताच; तीनशे वर्षांनी त्यावर लाल खूण करणारे शिक्षकच त्याला चूक बनवतात आणि मग चढा भाव देऊन स्वतःच विकतही घेतात. नातवाने निबंधात ‘शीवाजी’ लिहिले तर त्याला आजही दहा वेळा लिहावे लागते, कारण वहीला बाजारभाव नसतो.

शेतात नांगर लागून हंडा सापडल्यास गुरुजींकडे धावण्यापूर्वी वाचकांनी १८७८ चा निखात निधी अधिनियम ध्यानात घ्यावा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि वेलांटी कोणतीही असो, एक साधी शिवराईदेखील आज ती मर्यादा ओलांडते.