ऐंशीच्या शोधात

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरणं, हा आजार ठाणे जिल्ह्यातल्या गाडीला होऊ नये. कारण तो ताशी ऐंशीच्या आसपास दिसतो, आणि घोडबंदर रोडवर ऐंशी हा आकडा नुसता स्पीडोमीटरवर छापलेला असतो.

मला तो नाशिकहून येताना पहाटे दिसला. पुढे टँकर आला, ब्रेकवर पाय ठेवला आणि तीर्थाला पुढे केलेल्या नव्वदीतल्या आजोबांच्या हातासारखं स्टिअरिंग लटलटू लागलं. पाय काढला, थांबलं. ठाण्यात शिरलो तर आजारच गायब. माजिवड्याला गाडी जागची हलत नव्हती, स्टिअरिंग कुठून हलणार?

कासारवडवलीच्या टायरवाल्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, “अलाइनमेंट-बॅलन्सिंग.” बॅलन्सिंग बिघडलं असेल तर गाडी वेगात असताना ब्रेक न लावताही हादरते, माझी फक्त ब्रेक लावल्यावर हादरायची. हे मी सांगेपर्यंत चाकं मशीनवर चढली होती. रिमला वजनं चिकटली, हवेच्या गनने फटाफट नट आवळले गेले आणि हातात लाल-हिरव्या आकड्यांचा छापील कागद आला. छापील कागदाशी वाद घालण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

रविवारी सासुरवाडीला, डोंबिवलीला जायचं होतं. वास्तविक ठाण्याहून डोंबिवली लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली आणि कल्याणला पोहोचली १८५४ साली. मधल्या काळात इंग्रजांना रूळ टाकायचे होते, खाडी ओलांडायची होती. आज शिळफाट्याच्या सिग्नलला उभं राहिलं की त्यांनी तसं लवकरच उरकलं असं वाटतं.

मुंब्रा बायपासच्या उतारावर पन्नास-पंचावन्नचा वेग मिळाला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ब्रेक दाबला, स्टिअरिंग हललं. “बघ!” मी म्हणालो. “खड्डा होता, भाओजी,” मेहुणा म्हणाला. त्याचं निदान ठरलेलं होतं: लोअर आर्मचा बुश गेला. बुश खरंच गेला असेल तर थरथर वाढतेही, पण मेहुण्याला हे यूट्यूबने सांगितलं होतं आणि यूट्यूबला गाडी दाखवलेली नव्हती.

कल्याण-शिळ रस्त्यावर एके काळी प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तिथे बनायची. आता मोटारी बनायच्या त्या परिसरात टॉवर उभे राहिलेत आणि त्यांतल्या माणसांच्या मोटारी रस्त्यावर उभ्या राहतात. याच कंपनीच्या पद्मिनीला डिस्क ब्रेक नव्हतेच, सगळे ड्रम. ब्रेक लागेल की नाही याचीच धाकधूक असल्याने स्टिअरिंगकडे बघायला कुणाला सवड नसे.

सासऱ्यांनी चहा होताच एमआयडीसीतल्या त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे पिटाळलं. पत्र्याची शेड, कोपऱ्यात लेथ, मिस्त्रींच्या कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांनी एकच विचारलं, “हादरा हाताला लागतो की बुडाला?”

“हाताला.”

“म्हणजे पुढच्या डिस्क. सीटला लागला असता तर मागे बघितलं असतं.”

चाक उतरवलं. डिस्क दोन नटांनी आवळून चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावला आणि हाताने डिस्क हळूहळू फिरवली. काटा शून्यावरून निघाला, पंधरापर्यंत गेला, परत आला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. “पाचच्या आत पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी डिस्क काढली. मागे हबवर गंजाची पापडी धरली होती. ती पॉलिश पेपरने घासून डिस्क परत बसवली, तर काटा आठवर आला. अर्धा आजार त्या पापडीत होता!

“गनने नट कुणी मारले?”

मी कासारवडवलीच्या दिशेने बघितलं.

मेहुण्याने “डिस्क वाकडी झाली” म्हणताच मिस्त्री हसले. लोखंड इतक्या सहजी वाकत नाही. उतारावर तापलेली डिस्क घेऊन तुम्ही सिग्नलला येता आणि ब्रेक दाबूनच उभे राहता. पॅडचा थर तेवढ्या जागी चिकटतो. मग दर फेऱ्याला पॅड त्या टेंगळावरून जातं, आणि ते धक्के तुमच्या हातात येतात. मुंब्रा बायपास आणि खाली शिळफाटा! आमची वाहतूकव्यवस्था या आजारासाठी मुद्दाम आखल्यासारखी आहे.

डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर २० मिलिमीटर होती. मायक्रोमीटरने २१.२ दाखवले. “एकदा फेसिंग बसतंय. वीसच्या खाली गेली असती तर नवीन जोडी घ्यायला लावली असती.” लेथवर दोन्ही डिस्क चकचकीत झाल्या. कॅलिपरची एक पिन जाम होती, ती साफ करून ग्रीस लावलं. नवीन पॅड बसले. नट समोरासमोरचे, हाताने, टॉर्क पान्याने ‘कट्’ वाजेपर्यंत.

मग पथ्य सांगितलं. “साठवर न्यायची, वीसवर आणायची. आठ-दहा वेळा. पॅड सेट होतात. मध्ये पूर्ण थांबायचं मात्र नाही.”

शेडमध्ये शांतता पसरली. डोंबिवलीत, न थांबता? मिस्त्रींनाही ते पटलं असावं, कारण ते हात पुसायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्री पूल, कल्याण आणि गांधारी पूल ओलांडून बापगावच्या रस्त्याला लागलो. साठ-वीस, साठ-वीस. दूधवाल्याने थांबून विचारलं, “शिकताय का?”

राहिली ऐंशीची परीक्षा. पुढे आमणे. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इथपर्यंत आलाय, ७०१ किलोमीटर, नागपूरपर्यंत सिग्नल नाही. आरशात मागे कुणी नाही हे बघून शंभरवरून ब्रेक दाबला. स्टिअरिंग जागचं हललं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. मेहुण्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं; लोअर आर्मचा अपमान त्याला सहन होत नव्हता. जरा वेळाने म्हणाला, “भाओजी, टोल तर कापला जाणारच आहे. एकदा गाडी गरम झाल्यावर बघायला हवं.”

ते मलाही शास्त्रीय वाटलं.

तासाभराने बायकोचा फोन आला. “अरे, पोह्यांना थांबलेत सगळे. आहात कुठे?”

“ट्रायल चालू आहे, ताई,” मेहुणा म्हणाला. “इगतपुरीचा बोगदा आलाय. रेंज जाईल आता. शिर्डीहून करतो.”