महिना कुठला?

वहिनींना तुमचा महिना सांगू नका. एवढं एक पथ्य पाळलं तर आमच्या सोसायटीत राहायला हरकत नाही. पाणी दोन्ही वेळा येतं, लिफ्ट चालू असते. पण नेमक्या लिफ्टमध्येच वहिनी भेटतात. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत येईतो तुमचा महिना निघतो, महिन्याचं फूल निघतं, फुलाचा अर्थ निघतो आणि दार उघडता उघडता ते फूल तुमच्या अंगावर कुठे गोंदायचं तेही ठरतं. "मनगटाच्या आतल्या बाजूला, भावजी. बारीक रेषेत. अजिबात दुखत नाही." त्यांचं स्वतःचं काढताना त्यांची किंकाळी टॅटूच्या दुकानाखालच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचली होती, ही माहिती त्यांच्या मुलीकडून मिळालेली आहे.

अशी माणसं तुमच्याकडेही असणारच. पूर्वी ती राशीचे खडे सांगायची. मग वास्तूवर घसरली आणि लोकांचे पलंग फिरवू लागली. मधे काही वर्षं नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक जादा अक्षर घुसवून नशीब उघडून देत होती. सध्या जन्मफुलांचा हंगाम आहे. जानेवारीचं कार्नेशन, फेब्रुवारीचं व्हायोलेट, मार्चचं डॅफोडिल, अशी बारा महिन्यांची यादी वहिनींना तोंडपाठ असते आणि ती रिकामी करायला त्यांना फक्त एक प्रश्न लागतो. महिना कुठला?

हा प्रश्न त्या प्रस्तावना न करता विचारतात. वॉचमनला विचारला तेव्हा तो बिचारा उभा राहिला आणि म्हणाला, "मार्चपासूनचा बाकी आहे, मॅडम." वहिनी म्हणाल्या, "मार्च म्हणजे डॅफोडिल. नवी सुरुवात!" दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला विचारला. ती पोटावर हात ठेवून लाजत म्हणाली, "सातवा." "जुलै! लार्कस्पर!" त्या पोरीने घरी जाऊन लार्कस्पर नावाचा काही आजार असतो का, हे नवऱ्याला शोधायला लावलं. तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे सांत्वनाला बसलो होतो. वहिनींनी त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवार आवाजात विचारलं, "महिना कुठला?" त्याला वाटलं, वर्षश्राद्धाची तिथी विचारताहेत. "मार्गशीर्ष धरायचा म्हणाले गुरुजी." वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या बायकोच्या कानात सांगितलं, "नार्सिसस."

एकदाच हा प्रश्न त्यांच्यावर उलटला. सोसायटीच्या रक्तदान शिबिरात त्या उत्साहाने बाही सारून बसल्या. डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि म्हणाले, "महिना कुठला?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारत होतं. वहिनी फुलून म्हणाल्या, "ऑक्टोबर! झेंडू!" "मग अजून वर्ष व्हायचंय," डॉक्टर म्हणाले. "टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त घेत नाही आम्ही." त्यांना बिस्कीटसुद्धा मिळालं नाही.

तो झेंडू हा स्वतंत्र विषय आहे. सुई शाई सोडते ती कातडीच्या वरच्या थराखाली. म्हणून ती टिकते, आणि तिथेच वर्षागणिक किंचित पसरतेही. एखादी रेघ पसरली तर चालून जातं. पण रुपयाएवढ्या जागेत झेंडूच्या सगळ्या पाकळ्या बसवल्यावर त्या एकमेकींना भेटल्याशिवाय राहत नाहीत. वहिनींच्या मनगटावर आता कोबीचा गड्डा आहे. भाजीवाला तो पाहून दोनदा कोबीचा भाव सांगून बसलाय. त्यात आणखी एक घोळ झाला. टॅटू काढून झाल्यावर वहिनींनी अर्थ वाचला. केट ग्रीनअवे या चित्रकर्तीने १८८४ साली लंडनमध्ये फुलांच्या भाषेचं जे गाजलेलं पुस्तक काढलं, त्यात झेंडूसमोर एकच शब्द आहे: दुःख. तीन दिवस वहिनी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून वावरल्या. चौथ्या दिवशी त्यांना दुसरी यादी सापडली. तिच्यात झेंडू म्हणजे उत्साह आणि सर्जनशीलता असं होतं. बाह्या पुन्हा आखूड झाल्या.

याद्यांचं हे असं आहे. लेडी मेरी माँटेग्यू नावाची इंग्रज राजदूताची बायको १७१७च्या सुमारास इस्तंबूलहून घरी पत्रं लिहीत होती. फुलं, फळं, दोरे पाठवून न बोलता निरोप धाडायची तिथली रीत तिने त्यांत वर्णन केली. युरोपला ते फारच आवडलं. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं. (लातूर हे नाव वाचून वहिनींच्या सासूबाईंनी मान वर केली होती. त्या लातूरकडच्याच. "आपल्यापैकी कोन गं ही?") पुढे इंग्लंडात अशा पुस्तकांचा सुकाळ झाला आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लिहिला. महिन्यांची यादीही तिकडच्याच थंडीवाऱ्यावर बेतलेली. जानेवारीत बर्फातून डोकं काढणारं स्नोड्रॉप (कार्नेशनशिवाय त्या महिन्याचं दुसरं फूल) ज्याच्या नावावर आहे, तो आमचा इस्त्रीवाला त्या महिन्यात गावी हुरडा खात असतो.

माझ्या बायकोचा महिना मे. तिच्या वाट्याला लिली ऑफ द व्हॅली आली. अर्थ, सुख परत येणे. देठावर ओळीने लटकणाऱ्या छोट्या पांढऱ्या घंटा, बारीक रेषेच्या टॅटूला अगदी सोयीच्या. बायको जवळजवळ तयार झाली होती. मी सहज म्हणून गेलो की ते अख्खं झाड विषारी असतं. त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही, आणि सुखही अजून परत आलेलं नाही.

माझा नोव्हेंबर. म्हणजे शेवंती. "फ्रान्समध्ये शेवंती थडग्यांवर वाहतात," मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "आपण काय फ्रान्समध्ये राहतो?" मग इंग्लंडमध्ये राहतो का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण लिफ्टचं दार उघडलं.

खरी धमाल उडवली ती ज्येष्ठ नागरिक संघाने. वहिनी तिथे वही घेऊन गेल्या. पहिल्या आजोबांना विचारलं, महिना कुठला? "जून." गुलाब! दुसऱ्यांना विचारलं. जून. तिसऱ्या आजी, जून. एक जून, एक जून, एक जून. वहिनी शहरात वाढलेल्या, त्यांना आधी वाटलं, हे काहीतरी दैवी आहे. मग कुणीतरी समजावलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन जायचा. मास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप डोकं खाजवायचा आणि मास्तर दौतीत टाक बुडवून लिहून मोकळे व्हायचे: १ जून. निम्म्या महाराष्ट्राची एक पिढी अशी एकाच दिवशी जन्मली आणि एकाच दिवशी निवृत्त झाली. आता वहिनींच्या वहीत तिला घाऊक गुलाब मिळाला; अर्थ, उत्कट प्रेम. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, "मला पिवळा चालेल. नातीला आवडतो." वहिनी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "पिवळा नको अण्णा! पिवळा म्हणजे मत्सर." अण्णांना कळेना, की या वयात नेमका कुणाचा मत्सर करायचा.

मग वहिनींनी स्वतःच्या दंडावर सगळ्या कुटुंबाचा गुच्छ काढायचं ठरवलं. हल्ली तशी टूम आहे. घरातल्या प्रत्येकाच्या महिन्याचं फूल एका दोरीत बांधायचं. मुलीचं सप्टेंबरचं अ‍ॅस्टर, मुलाचं जुलैचं लार्कस्पर (हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही), नवऱ्याचं ऑगस्टचं ग्लॅडिओलस, म्हणजे निरोपसमारंभाच्या टेबलावर असतं ते. त्याचा अर्थ चारित्र्याचं बळ. हे ऐकून नवरा पेपरामागे गेला. आणि मधोमध सासूबाईंचा गुलाब.

"माझा कशाला गुलाब?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय जूनची न्हाई."

"आई, अहो, शाळेच्या दाखल्यावर..."

"ते मास्तरानं लिव्हलं. माय म्हनायची, तूर फुलावर होती तवा तू झालीस."

वहिनींनी यादी उघडली. मराठवाड्यात तूर फुलावर येते कार्तिकाच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबर धरा. "मग शेवंती! आई, तुमची शेवंती!"

"आमच्या रानात कुटली शेवंती? तूर होती म्हनते ना."

सासूबाईंच्या कपाळावर हिरवी टिकली गोंदलेली आहे आणि हातावर तुळशीवृंदावन. वहिनींनी लग्न झाल्यापासून ते रोज पाहिलं असेल, पण अर्थ विचारला तो आत्ता, वही उघडून. म्हातारी म्हणाली, "अर्थ कसला त्याला? गोंदणारी आली, मायनं धरून बसवलं. सूपभर जवारी नेली तिनं."

इथे मला वाटलं होतं की वहिनी गुलाब काढून मोकळ्या होतील. शंभरातल्या नव्व्याण्णव सुना झाल्या असत्या. पण वहिनींना, मी हे नाइलाजाने लिहितो आहे, ऐकून घ्यायची सवय आहे. विचारतात फार, हे खरं. पण सांगितलेलं विसरत नाहीत. वॉचमनचा थकलेला पगार त्या डॅफोडिलच्या दुसऱ्या दिवशी कमिटीत भांडून त्यांनीच काढून दिला होता. बाकी आम्हा कुणाला तो थकलाय हेच ठाऊक नव्हतं. आता त्यांनी गावाकडच्या दिराला फोन केला, बांधावर उभं राहून फुलाचे फोटो काढायला लावले. पिवळं फूल, मागच्या पाकळीवर तांबूस रेघा. ते घेऊन त्या टॅटूवाल्या मुलाकडे गेल्या. त्या मुलाच्या वहीत गुलाबांची चाळीस चित्रं होती, तूर एकही नाही. बराच वेळ फोटो मोठा करून पाहिल्यावर तो म्हणाला, "काकू, हे तर एप्रिलच्या स्वीट पीसारखं आहे." आणि ते बरोबरच होतं. इंग्रजी बागेतलं स्वीट पी आणि आपली तूर, दोन्ही शेंगांच्या घराण्यातली. पाकळ्यांची ठेवण तीच. त्याने तोच साचा घेतला, आकार आखूड केला, रेघा भरल्या. यावेळी किंकाळी ऐकू आली नाही म्हणतात.

आता वहिनींच्या दंडावर अ‍ॅस्टर, लार्कस्पर, ग्लॅडिओलस आणि मधोमध तूर आहे. पाहणारा प्रत्येक जण विचारतो, याचा अर्थ काय? कुठल्याच यादीत तूर नाही. वहिनी पहिल्यांदाच गप्प झालेल्या आम्ही पाहिल्या. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"वरण," सासूबाई म्हणाल्या.

वहीत तसंच लिहिलंय. त्यानंतर ज्येष्ठ नागरिक संघात गडबडच उडाली. एक जूनवाले एकेक करून उठून येऊ लागले. एका आजी आंब्याच्या मोहोरातल्या निघाल्या. एक काका पळसाचे. एका आजोबांनी बहिणीला नागपूरला फोन लावून भर सभेत विचारलं, आणि ती संत्र्याचा बहर म्हणाल्यावर कॉलर ताठ करून बसले. वहिनी भराभर गुलाब खोडत होत्या.

अण्णांपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं काय फुललं होतं, अण्णा?"

अण्णांची आई ते वर्षाचे असताना गेली. बापाला अशा गोष्टी आठवत नसत, आणि आता विचारण्यासारखं वरच्या पिढीतलं कुणी उरलेलं नाही. हे त्यांनी थांब्याचं नाव पुकारल्यागत एका दमात सांगून टाकलं.

"माझा गुलाबच राहू दे," ते म्हणाले. "पिवळा."

"पण अण्णा, पिवळा म्हणजे..."

"माहितीये. चालेल."